दक्षिणेला कललेला बेल

आमच्या मास्तरांनी जन्मभर एकच कविता केली आणि ती कधी पुरी होऊ दिली नाही. पुरी होणार तरी कशी? कविता गावावर होती आणि गाव काही स्वस्थ बसत नव्हतं. आज कुणाची भिंत पडली, उद्या कुणी गोठ्याचं दार पूर्वेचं पश्चिमेला नेलं, परवा ओढ्याकाठची बाभळ तोडली, की मास्तरांचं एक कडवं खोटं ठरायचं. मग ते कडवं बदलायचे आणि सकाळी दारोदार हिंडून सांगायचे, "दुरुस्ती ऐका." वही त्यांनी कधी केली नाही. कविता राहायची ती बायकांच्या जात्यावर, त्यामुळं दुरुस्तीही जात्यापाशीच पोचवावी लागे. भिक्षेकरी आणि मास्तर यांच्यात बायकांना भिक्षेकरी बरा वाटायचा, कारण तो पसाभर ज्वारी घेऊन निघून तरी जायचा. मास्तर नवं कडवं पाठ झाल्याशिवाय उंबरा सोडत नसत.

मी त्या गावात गणित शिकवायला गेलो तेव्हा निजामी अंमल होता. भूमच्या पुढं, बार्शीकडच्या इंग्रजी हद्दीला खेटून असलेलं ते गाव. शाळेत शिकवायचं उर्दूतून, समजवायचं मराठीतून आणि मारायचं कोणत्याही भाषेतून, अशी एकूण पद्धत. पहिल्या दिवशी वेशीत शिरलो तर शेरवानी घातलेले एक गृहस्थ जोडे काखेत धरून पाण्याच्या डेऱ्याशी काहीतरी बोलत उभे होते. डेरा अर्थातच गप्प होता. मी बिचकत शाळा कुठं आहे म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडं न बघताच सुरू केलं:

वेशीत शिरता । डाव्या हाती डेरा ।
तडा त्याला खरा । पाणी गार ॥

मी थांबून बघितलं. डेरा डाव्या हाताला होता, तडाही होता. पाणी पिऊन पाहिलं, गार होतं. मग पुढची चार कडवी ऐकली आणि त्यांच्या मागं मागं बरोबर शाळेच्या पायरीशी पोचलो. पुढं आयुष्यात मी पुष्कळ कवींच्या कविता वाचल्या. त्यांतल्या बहुतेकांच्या भरवशावर मी शेजारच्या गल्लीतसुद्धा गेलो नसतो.

हेच मास्तर. इतिहास आणि मराठी त्यांच्याकडं. माझ्याहून वीसएक वर्षांनी वडील, पण वागणूक माझ्याहून लहान. खात्याच्या हुकमाप्रमाणं गळ्यापर्यंत गुंड्या लावून शेरवानी घालत, तिच्याखाली धोतर आणि धोतराखाली अनवाणी पाय. पाय जमिनीला टेकले नाहीत तर शब्द खोटे पडतात, असं त्यांचं म्हणणं. मग शेरवानी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ती सरकारसाठी. सरकारपुढं खरं बोलायची वेळ येत नाही."

मीही तेव्हा कविता करत असे. कोण करत नाही? माझी एक समुद्रावर होती. लाटा, फेस, क्षितिज, सगळं जागच्या जागी. मास्तरांनी ती शांतपणे ऐकली आणि समुद्र पाहिलाय का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर मला हाताला धरून गावतळ्यावर नेलं, धोतर खोचायला लावलं आणि गुडघाभर पाण्यात उभं करून कविता पुन्हा म्हणायला सांगितली. निदान पाण्यात तरी उभे राहा, म्हणाले. शेजारी एक म्हैस डुंबत होती. 'अथांग' या शब्दाला तिनं मान वर केली, माझ्याकडं नीट पाहिलं आणि तोंड फिरवलं. मास्तर म्हणाले, "बघा, तिलाही पटली नाही." त्यानंतर मी कविता सोडली. मराठी वाङ्मयाचं त्यामुळं फारसं नुकसान झालेलं दिसत नाही.

इतिहासाचंही त्यांनी असंच करून ठेवलं होतं. पुस्तकात बादशहा होते, लढाया होत्या, सनावळ्या होत्या. मास्तर एकच प्रश्न विचारायचे: फौज आली म्हणता, बरं, मग पाणी कुठं प्याली? आमच्याकडच्या उन्हाळ्यात बकरी पाळायची तरी आधी विहीर बघावी लागते. मास्तर वर्गच्या वर्ग घेऊन बारवा, आड, झरे मोजत हिंडायचे आणि कोणती फौज कुठून गेली असेल ते पाण्यावरून ठरवायचे. पुस्तकातली एक भली मोठी छावणी त्यांनी माळावर नेऊन अशी खोटी पाडली की पोरं टाळ्या वाजवत परतली. म्हणाले, "एवढ्या घोड्यांना इथं ओठ भिजवण्यापुरतं पाणी नव्हतं. म्हणजे एक तर फौज आली नव्हती, नाहीतर लिहिणारा आला नव्हता." इतिहास विहिरींना विचारावा, त्यांना कुणाची भीड नसते, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कवितेलाही लावायचे. कवितेत गाव मावलं नाही तरी चालेल, पण कवितेला गावात उभं राहायला जागा हवी, असं म्हणायचे.

अशा माणसाचं सगळ्या गावाशी पटत असे म्हणावं, तर अव्वा होती. अव्वा म्हणजे चावडीशेजारच्या किराणा दुकानाची मालकीण. लिंगायत वाण्याची विधवा, माहेर कर्नाटकाकडचं, हिशेब मराठीत करायची आणि राग आला की कानडीत जायची. तिच्या दारात एक जुना बेल होता. रोज पहाटे त्याची पानं तोडून ती महादेवाला वाहायची आणि मगच दुकानाची फळी उघडायची. मास्तरांनी त्या बेलावर कडवं केलं:

अव्वाच्या दारात । बेल उभा जुना ।
दक्षिणेला खुणा । करी शेंडा ॥

झालं. अव्वा कानडीत गेली. दक्षिण ही यमाची दिशा. महादेवाचा बेल तिकडं खुणा कशाला करील? मास्तर शाळेतून परतत होते, तेव्हा अव्वानं भर चावडीपुढं त्यांना अडवलं.

"मास्तर, तुमी माझ्या दारात यमाला आवतन धाडलं."

"मी नाही, झाडानं धाडलंय," मास्तर म्हणाले. "ते कललंय."

"सरळ हाय."

मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी गवंड्याला बोलावून आणलं, ओळंब्यासकट. अर्धं गाव जमलं. गवंडी बिचारा दोन्ही घरांची कामं करणारा, त्याला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. त्यानं ओळंबा सोडला, डोळा मिटला, पुन्हा उघडला, अव्वाकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं आणि वीतभर दक्षिणेला आहे असं कसंबसं पुटपुटला. अव्वा म्हणाली की ओळंबा वाकडा आहे. मास्तरांनी नुसतं हसून डोक्याची टोपी नीट केली. त्या दिवसापासून अव्वानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. मास्तरांचा गूळ, चहा, तंबाखू सगळं मला आणावं लागे, आणि हे कुणासाठी चाललंय ते ठाऊक असल्यामुळं अव्वा मुद्दाम गुळाचा खालचा, मातकट खडा बांधून द्यायची. बरं, त्या दिशेचा एवढा आग्रह कशाला, थोडं वळवून घ्या, असं मी मास्तरांना सांगून पाहिलं. ते खरोखर दुखावले. एक झाड मी सरळ केलं तर उद्या कुणी डेऱ्याच्या तड्यावर विश्वास ठेवील का, म्हणाले.

मध्यंतरी आमच्या शाळेच्या तपासणीला तालीमात, म्हणजे शिक्षण, खात्याचे साहेब आले. मोठा दिलदार माणूस, स्वतः शायर. तपासणी झाल्यावर सदर मास्तरांच्या, म्हणजे आमच्या हेडमास्तरांच्या, ओसरीवर बैठक बसली आणि साहेबांनी गझल ऐकवली. गुलाबाची बाग होती, बुलबुल होता, चांदणं होतं. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. मास्तर तेवढे गप्प. साहेबांनी त्यांना मुद्दाम विचारलं. मास्तर उठून उभे राहिले आणि अगदी अदबीनं, स्वच्छ उर्दूत म्हणाले की सगळं उत्तम आहे, फक्त त्या बागेला पाणी कोणत्या विहिरीचं, एवढं कळलं नाही. सदर मास्तरांना घाम फुटला. साहेबांनी पानाचा डबा जवळ ओढला. मग म्हणाले की ती बाग त्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्या उस्तादांनीही पाहिली नव्हती आणि उस्तादांच्या उस्तादांचंही काही सांगवत नाही. आणि असे खदाखदा हसले की पानाचा डबा लवंडला.

साहेब खूश झाले, हीच चूक झाली. खूश होऊन त्यांनी मास्तरांना बढती दिली आणि जिल्ह्याच्या मोठ्या शाळेत नेलं. सरकारी कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. मास्तरांचं तोंड बघवेना. महिनाभरातच ते साहेबांच्या बंगल्यावर जाऊन उभे राहिले. म्हणाले, मी इथं बसलोय आणि तिकडं गावात काय काय हलतंय ते मला कळत नाही. माझी कविता रोज थोडी थोडी खोटी होतेय. या एका अर्जावर बढती रद्द झालेला माणूस खात्यात दुसरा नसावा. साहेबांनी कारकुनाला सांगितलं म्हणे, "इन्हें इनके कुओं के पास जाने दो." मास्तर परत आले ते घरी न जाता आधी गावभर हिंडले आणि दुसऱ्या दिवशी एकदम अकरा दुरुस्त्या घेऊन दारोदार फिरले. अव्वानं मला दुकानात विचारलं, "आलं का मास्तर? म्हंजे माझा बेल पुन्यांदा वाकडा झाला म्हना." पण त्या दिवशी गूळ मात्र वरचा, पिवळाधमक बांधून दिला.

मग सत्तेचाळीस साल उलटलं आणि थट्टामस्करीचे दिवस संपले. हद्दीच्या त्या बाजूला स्वराज्य आलं, या बाजूला हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. एके दिवशी शेजारच्या गावातून धूर दिसला आणि आमचं निम्मं गाव, हाताला लागेल ते घेऊन, हद्द ओलांडून बार्शीच्या बाजूला एका माळावर गेलं. पालं ठोकली, चुली मांडल्या. मास्तर होते, मी होतो, देव्हारा पदराखाली धरून अव्वाही होती.

मास्तरांना त्या माळावर एक शब्द सुचेना. या मातीची आणि माझी ओळख नाही, म्हणायचे. दिवसभर जोडे घालून बसत. त्यांना जोडे घातलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि ते बघून मला भडभडून आलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांजेला अव्वा उठली, इतक्या वर्षांचा अबोला गिळून त्यांच्या पालापुढं येऊन बसली आणि म्हणाली, "मास्तर, चला की वेशीपासून."

मास्तरांनी जोडे काढले. वेशीत शिरता डाव्या हाती डेरा, असं सुरू झालं आणि माळावर चुलींशी बसलेली माणसं एकेक करून जवळ आली. मास्तर आम्हांला गल्लीगल्लीनं नेत होते. कुणाचं दार आलं की ते माणूस मान हलवायचं. गवंड्याचं घर आलं तसा तो पोराच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागला. मग रोज सांजेला हेच. पोरंसुद्धा विचारायची, आज कुठवर जायचं? ज्या कवितेला आम्ही दुरुस्तीची कटकट म्हणून हसलो होतो, तिच्यावर आता सगळा माळ जगत होता.

एके सांजेला चावडी आली, चावडीपाठोपाठ अव्वाचं दार आलं. मास्तर अडखळले. अव्वाच म्हणाली, "म्हना. दक्षिनेला तर दक्षिनेला." आणि मग हळूच, "पर मास्तर, बेल हाय का हो उभा?"

त्याच दिवशी कुणी तरी बातमी आणली होती की चावडीच्या अंगाची घरं जाळली. आपल्याला आज ठाऊक नाही ती गोष्ट मास्तर आजवर कधी कवितेत बोलले नव्हते. कडवं अर्धंच राहिलं आणि माणसं उठून गेली.

सकाळी मास्तर पालात नव्हते. कुणी दागिन्याचं डबोलं आणायला, कुणी गाय सोडवायला चोरून हद्दीपलीकडं जात होतं आणि त्यातली सगळीच परत येत नव्हती. मास्तर एका झाडासाठी गेले होते. मी त्यांना पोटभर शिव्या दिल्या आणि रस्त्याकडं डोळे लावून बसलो. अव्वानं दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही. आपण विचारलं म्हणून ते गेले, एवढंच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. पाय सोललेले, शेरवानी फाटलेली. गावातल्या एका पिंजाऱ्यानं त्यांना घरात लपवून ठेवलं होतं, म्हणून वाचले. सगळे गोळा झाले. मास्तरांनी खिशातून मूठभर बेलाची पानं काढून अव्वाच्या ओंजळीत ठेवली.

"उभा आहे," म्हणाले. "आणि अव्वा, तुमचं खरं होतं. मी नीट पाहिलं. सरळ आहे. दुरुस्ती ऐका."

अव्वाच्या दारात । बेल उभा जुना ।
नभाकडे खुणा । करी शेंडा ॥

माळावर आनंदीआनंद झाला. गवंडी म्हणाला की तेव्हा त्याचा ओळंबाच जरा वाकडा असावा. अव्वानं पानं कपाळाला लावली, देव्हाऱ्यापुढं बसून एकेक करून महादेवाला वाहिली आणि मास्तरांना भाकरी वाढली. रोज सांजेला मग बेल नभाकडे खुणा करू लागला आणि पोरं ती ओळ सगळ्यांत मोठ्यानं म्हणू लागली.

पोलीस ॲक्शन झाली आणि आम्ही परतलो. वेशीतला डेरा फुटलेला होता. चावडीची उंच भिंत तेवढी उभी होती, तिच्या दक्षिणेची घरं काळी पडली होती. अव्वाच्या दारात बेल नव्हता. जमिनीलगत कुऱ्हाडीनं तोडलेला, वरून जळालेला खुंट होता आणि त्या जखमेला पावसाळा खाऊन गेला होता. पिंजारी म्हणाला, "कवाचं तोडलंय. मास्तर आले तवा दुपारभर त्या खुटापाशी बसले व्हते. म्या म्हनलं, चला आत, कुनी बघंल. तर म्हनले, थांब रे, ओळ बसंना."

ज्या माणसानं वीतभर कल झाकला नाही, त्यानं अख्खं झाड उभं केलं होतं. आता अव्वा काय म्हणते या धास्तीनं मी मास्तरांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. अव्वानं खुंटावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं, बेल गेला म्हून."

"कसं?" मी विचारलं.

"झाड उभं असतं तर ह्यो मानूस सरळ म्हनला असता व्हय?"

मास्तर कधी नव्हे ते खाली बघत होते. मला वाटलं, आता दुरुस्ती येणार. जमलेल्या बायकांनाही तेच वाटलं असावं, कारण दोघीतिघींनी पदर खोचले. पण मास्तर म्हणाले की आजवर गाव हललं की त्यांनी कविता दुरुस्त केली. या खेपेला कविता हलणार नाही, गावानं दुरुस्त व्हायचं. संध्याकाळी ते ओढ्याकाठच्या देवळामागून बेलाचं रोप घेऊन आले. माळावर आणलेली पानंही तिथलीच असणार. गवंड्यानं ओळंबा धरला. मास्तर अनवाणी पायांनी माती दाबत होते आणि अव्वा चावडीच्या भिंतीला टेकून सूचना देत होती, उजवीकडं घ्या, आता डावीकडं घ्या, असं काय करता. रोप बोटभर जाडीचं, पण भिंतीसारखं उभं लावून घेतलं. पुढं मास्तर रोज सकाळी तांब्या घेऊन जायचे आणि अव्वा रोज म्हणायची की पाणी जास्त झालं.

दोघांनाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मागं भूमला काही काम निघालं तेव्हा एसटीनं त्या गावाला जाऊन आलो. वेशीपासून कविता म्हणत निघालो आणि दहा ठिकाणी चुकलो. दुरुस्ती सांगायला कुणी राहिलं नाही. पण चावडीची भिंत आली आणि तिच्यासमोर बेल दिसला. केवढा मोठा झालाय. पण मागं ती उंच भिंत. उन्हासाठी झाड पुढं पुढं सरकत गेलं असणार. शेंडा चांगला हातभर दक्षिणेला गेला होता.

मी मान वाकडी करून बघत होतो, तेवढ्यात दुकानातून एक बाई बाहेर आली. अव्वाच्या नातवाची सून असावी. काय बघता, म्हणाली. मी सांगितलं, झाड दक्षिणेला कललंय. तिच्या भुवया चढल्या.

"कोन म्हनतं? महादेवाचा बेल हाय. सरळ हाय."

गवंडी नव्हता, ओळंबा नव्हता, मास्तरही नव्हते. मी जोडे काढले, पाय जमिनीला टेकवले आणि पुन्हा एकदा शेंड्याकडं नीट पाहिलं.

"व्हय की," मी म्हटलं. "सरळच आहे."